शिक्क्यासाठीं सीमोल्लंघन

विजयादशमीच्या सायंकाळीं गांवाची शीव ओलांडून ईशान्येस जावें, तेथें शमीची अथवा आपट्याची पूजा करावी, आणि आपट्याचीं पानें सोनें म्हणून घरीं आणावीं, हा महाराष्ट्रांतील परिपाठ फार जुना आहे. मराठेशाहींत पावसाळा ओसरल्यावर मोहिमांचें प्रस्थान याच मुहूर्तावर होत असे. सोनें घेऊन परतलेल्या पुरुषाला घरची सुवासिनी दारांतच ओवाळते, आणि मग तो उंबरठा ओलांडतो. या विधीला सीमोल्लंघन असें भारदस्त नांव आहे. जाणाऱ्याचें धैर्य आणि परतणाऱ्याचें स्वागत या दोहोंना त्यांत स्थान आहे.

अलीकडच्या जगांत सीमोल्लंघनाचा आणखी एक प्रकार रूढ झाला आहे. त्याला दसरा लागत नाहीं. पासपोर्टावर पडलेली शेवटची तारीख हाच त्याचा मुहूर्त. परदेशांत सहलीच्या परवान्यावर राहणारा मनुष्य मुदत संपण्याच्या सुमारास पहांटे मोटारींत बसतो, सरहद्दीच्या नाक्यावर जातो, पलीकडच्या देशांत तास-दोन तास काढतो, आणि त्याच दिवशीं मागें फिरून पहिल्या देशांत नव्यानें प्रवेश करतो. त्याच्या हातीं येणारें सोनें म्हणजे शाईचा एक ताजा शिक्का. त्या शिक्क्यानें त्याला आणखी कांहीं दिवस मिळतात. ते सरले कीं पुन्हां मोटार, पुन्हां नाका, पुन्हां शिक्का. इंग्रजी बोलणारे लोक याला 'व्हिसा रन' किंवा 'बॉर्डर रन' म्हणतात. या प्रकाराच्या मुळाशीं काय आहे, आणि त्यांत माणसाचें काय पणाला लागतें, याचा विचार करणें उपयुक्त आहे. कारण महाराष्ट्रांतील कित्येक घरांशींहि या शिक्क्याचा संबंध येतो.

प्रथम पासपोर्ट आणि व्हिसा यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. पासपोर्ट हें स्वतःच्या सरकारनें दिलेलें ओळखपत्र होय. हा मनुष्य आमचा आहे, एवढेंच तें जगाला सांगतें. व्हिसा ही परक्या सरकारनें दिलेली अनुज्ञा होय. अमुक कामासाठीं, अमुक दिवस या, असें ती सांगते. पहिल्या महायुद्धापूर्वीं युरोपांतील पुष्कळ देशांतून पासपोर्टावांचून हिंडतां येत असे. युद्धकाळांत बंधनें आलीं, आणि युद्ध संपलें तरी तीं गेलीं नाहींत. १९२० सालीं राष्ट्रसंघाच्या विद्यमानें पॅरिस येथें भरलेल्या परिषदेनें ३२ पानांच्या पासपोर्टाचा एक नमुना सुचविला. त्याच वर्षीं हिंदुस्थानांतहि पासपोर्टावांचून प्रवेशास प्रतिबंध करणारा कायदा झाला. तो कायदा, १९३९ चा परकीयांच्या नोंदणीचा कायदा आणि १९४६ चा परकीयांविषयींचा कायदा, हे तिन्ही आतां रद्द झाले असून १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांची जागा एका नव्या कायद्यानें घेतली आहे.

व्हिसाचे हेतुपरत्वें निरनिराळे वर्ग पडतात. शिक्षण, नोकरी, व्यापार, विवाह यांसाठीं निरनिराळीं कागदपत्रें मागतात, आणि तीं मिळविणें कष्टाचें असतें. प्रवाशाचा वर्ग मात्र सर्वांत सुलभ. प्रवासी येतो, देवळें-राजवाडे पाहतो, पैसे खर्च करतो आणि निघून जातो. म्हणून त्याचें स्वागत करण्यांत प्रत्येक देशाला हित वाटतें. कित्येक देश तर त्याला व्हिसाहि मागत नाहींत, नाक्यावर शिक्का मारून आंत घेतात. परंतु जें दार सहज उघडतें त्याच दारानें इतर हेतूंचे लोकहि आंत शिरूं पाहतात, हा मनुष्यस्वभाव आहे.

मुक्कामाचे दिवस मोजण्याच्या दोन रीती आहेत, आणि हा सगळा व्यवहार त्या दोन रीतींतील भेदावर चालतो. पहिल्या रीतींत प्रत्येक प्रवेशाबरोबर मोजणी नव्यानें सुरू होते. पूर्वीं लग्नघरीं घटिकापात्र बुडालें म्हणजे तें रिकामें करून पुन्हां पाण्यावर सोडीत, तसाच हा प्रकार. दुसरी रीत युरोपांतील शेंगेन करारांतील राष्ट्रांची. तेथें कोणत्याहि दिवशीं मागील १८० दिवस मोजावयाचे, आणि त्यांत मुक्कामाचे दिवस ९० पेक्षां अधिक भरतां कामा नयेत, असा दंडक १८ ऑक्टोबर २०१३ पासून आहे. साध्या वर्षांत १ जानेवारीस आलेला प्रवासी ३१ मार्चपर्यंत सलग राहिला, तर त्याचे ९० दिवस पुरे होतात, आणि ३० जूनपूर्वीं त्याला तेथें पाऊल टाकतां येत नाहीं. मध्यें त्यानें दहा वेळां सरहद्द ओलांडली तरी पाटीवरची बेरीज पुसली जात नाहीं. म्हणून शिक्क्यासाठीं होणारें सीमोल्लंघन पहिल्या रीतीच्या देशांतच फोफावतें.

त्यांत थायलंडचें नांव सर्वांत अधिक ऐकूं येतें. हवा उबदार, राहणी स्वस्त, लोक मृदुभाषी; त्यामुळें आठ दिवसांसाठीं आलेले कित्येक परदेशी तेथें आठ-आठ वर्षें राहिले. त्यांत पेन्शनीवर जगणारे वृद्ध होते, परवान्यावांचून इंग्रजी शिकविणारे मास्तर होते, थाई स्त्रीशीं संसार थाटलेले गृहस्थ होते, संगणकावर दूरदेशचें काम करणारे तरुण होते, आणि केवळ आळसानें दिवस कंठणारेहि होते. या सर्वांना बांधणारा धागा एकच, तो म्हणजे पासपोर्टावरील शिक्का.

देशाच्या उत्तर टोंकाला मे साई नांवाचें गांव आहे. तेथें एक लहानशी नदी दोन देशांच्या मधून वाहते, आणि पुलापलीकडे ब्रह्मदेशांतील, म्हणजे आजच्या म्यानमारमधील, ताचिलेक लागतें. या टोंकाला थाई अधिकाऱ्यानें निर्गमनाचा शिक्का मारावा, त्या टोंकाला ब्रह्मी अधिकाऱ्यानें शुल्क घेऊन पासपोर्ट ठेवून घ्यावा आणि तात्पुरता परवाना द्यावा, प्रवाशानें बाजारांत एक फेरी मारावी, आणि पासपोर्ट सोडवून घेऊन परत यावें, असा तेथील क्रम असे. दक्षिणेस रानोंग येथून लांब शेपटीच्या होडीनें खाडी ओलांडून कॉथाउंगला जात. इंग्रजी अमदानींत याच ठिकाणाला व्हिक्टोरिया पॉइंट म्हणत. तेथें शुल्कासाठीं दहा डॉलरांची नोट लागे, आणि ती कोरी करकरीत नसली तर घेत नसत. पूर्वेस कंबोडियांतील पोइपेत, तेथें सरहद्दीलगत जुगाराचे वाडे. ईशान्येस मेकाँग नदीवर १९९४ सालीं झालेल्या पुलावरून लाओसची राजधानी व्हिएंतियान गांठतां येई, आणि तेथील थाई वकिलातींतून नवा व्हिसा मिळवितां येई. बँकॉक आणि पट्टाया येथून केवळ या कामासाठीं गाड्या सुटत. भाड्यांतच जेवण येई आणि फॉर्महि भरून मिळत. असा एक धंदाच उभा राहिला.

हें सर्व थाई सरकारला दिसत नव्हतें असें नाहीं. १ ऑक्टोबर २००६ पासून त्यानें नियम केला कीं, व्हिसावांचून येणाऱ्यानें सहा महिन्यांत ९० दिवसांहून अधिक राहूं नये. २००८ च्या अखेरीस खुष्कीच्या नाक्यावर मिळणारी मुदत ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आणली. २०१४ सालीं, गेल्या पावलीं परत येणाऱ्यांना अडविण्याचे आदेश निघाले. ३१ डिसेंबर २०१६ पासून खुष्कीनें व्हिसावांचून येण्याला वर्षांतून दोनच वेळां मुभा ठेवली. मग महामारीनंतर प्रवाशांची निकड भासूं लागली, आणि १५ जुलै २०२४ रोजीं भारतासह ९३ देशांच्या नागरिकांना व्हिसावांचून ६० दिवस राहण्याची सवलत जाहीर झाली. हात कधीं आखडता, कधीं सैल; प्रवाशाचा पैसा हवा, पण त्याचें बिऱ्हाड नको, या दोन इच्छांमध्यें सरकार हेलकावे खात असतें.

मुदत उलटून राहिल्यास तेथें दर दिवसाला ५०० बाट दंड पडतो. त्याची कमाल २०,००० बाट. २० मार्च २०१६ पासून दंडाबरोबर बंदीहि आली. मुदतीबाहेर ९० दिवसांहून अधिक राहून जो आपण होऊन निघून जाईल त्याला एक वर्ष प्रवेश नाहीं. आणि जो पकडला जाईल त्याला, मुदतीबाहेरचा मुक्काम वर्षापेक्षां कमी असला तरी, पांच वर्षें. ज्याचें बायको-मूल त्या देशांत आहे त्याच्या बाबतींत पांच वर्षें म्हणजे काय, हें सांगावयास नको. ज्या मुलाला बाप बोट धरून शाळेंत पोंचवीत होता, तें परत भेटेल तेव्हां त्याच्या खांद्याला आलेलें असेल.

शिवाय नाका ही कांहीं भिंतींतील खिडकी नव्हे कीं ती सदा उघडी असावी. २०२० च्या मार्चांत करोनाच्या सांथीनें सर्व नाके मिटले; जाण्याचाहि मार्ग राहिला नाहीं आणि राहण्याचाहि हक्क उरला नाहीं, अशा पेचांत सांपडलेल्या परदेशीयांना सरकारनें मुदत वाढवून दिली म्हणून ते निभावले. २०२५ च्या जुलैंत थायलंड आणि कंबोडिया यांच्यांत तोफा धडाडूं लागल्या, आणि त्या बाजूचे नाके बंद पडले. दुसऱ्याच्या दारांतून येण्याजाण्यावर ज्यानें संसाराची उभारणी केली, त्याचा पाया त्या दाराच्या कडीइतकाच बळकट असतो.

थायलंडांतील हे लोक बहुधा सुखवस्तु देशांतले. अरबी आखातांतील सीमोल्लंघनाची कथा याहून करुण आहे, आणि ती कोंकणाच्या अगदीं जवळची आहे. रायगड आणि रत्नागिरी या जिल्ह्यांत असे गांव विरळा, कीं जेथून कोणी दुबईस किंवा शारजाला गेला नाहीं. नोकरीचा व्हिसा मिळण्यास विलंब लागतो, म्हणून पुष्कळांना 'व्हिजिट' व्हिसावर नेतात. या व्हिसावर काम करणें हा तेथें गुन्हा आहे. शिवाय ज्याच्या पासपोर्टाला उत्प्रवासनाची मंजुरी लागते, त्याला नोकरीसाठीं जातांना १९८३ च्या कायद्याप्रमाणें सरकारी अधिकाऱ्याची तपासणी चुकत नाहीं; परंतु पाहुणा म्हणून जाणाऱ्याला ती लागूच होत नाहीं. दहावी उत्तीर्ण झालेल्याला या मंजुरीची गरज नसते. म्हणजे जो कमी शिकला त्याच्याचसाठीं हें कुंपण घातलेलें, आणि व्हिजिट व्हिसाच्या वाटेनें नेमका तोच कुंपणाबाहेर पडतो. तेथें त्याला ना करार, ना ठरलेला पगार, ना दाद मागण्याला जागा.

अशा माणसाला पुढें नोकरीचा व्हिसा मिळावयाचा तर पूर्वीं देशाबाहेर जाऊन नव्या कागदावर परत यावें लागे. त्यासाठीं सर्वांत जवळचें व स्वस्त ठिकाण म्हणजे इराणचें किश बेट. तें मुक्त व्यापाराचें क्षेत्र असल्यानें तेथें बहुतेक देशांच्या नागरिकांना इराणी व्हिसावांचून १४ दिवस राहतां येई. दुबईहून विमानानें तासाभराच्या आंत पोंचावें, एका खोलींत अनेक खाटा टाकलेल्या एखाद्या स्वस्त हॉटेलांत उतरावें, आणि मालकाकडून नव्या व्हिसाचा कागद येण्याची वाट पाहावी, असा क्रम असे. भारतीय, पाकिस्तानी, फिलिपिनो असे नाना देशांचे लोक तेथें एकत्र येत. कोणाचा कागद दुसऱ्या दिवशीं येई, कोणाचा आठवड्यांनीं, आणि कोणाचा मुळींच येत नसे. मग मुदत वाढविण्यासाठीं पैसे, खोलीच्या भाड्यासाठीं पैसे, जेवणासाठीं पैसे. मागें जावें तर दार बंद, आणि घरीं परतावें तर डोक्यावर दलालाचें कर्ज.

रत्नागिरीकडील एखादा तरुण डोळ्यांपुढें आणावा. दलालाला देण्यासाठीं आईच्या पाटल्या गहाण पडलेल्या. घरीं पाठची बहीण लग्नाची. तो किशहून घरीं टेलिफोन करतो आणि म्हणतो, "आई, कागद आले कीं लगेच दुबईस जातों. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे." पलीकडून आई पाटल्यांचें नांव काढीत नाहीं, ती विचारते, "वेळेवर जेवतोस ना रे?" त्या दिवशीं त्यानें एकदांच खाल्लेलें असतें. असे संवाद त्या बेटावर किती झाले असतील, याची गणना कोणत्याहि दफ्तरांत नाहीं.

एक घटना मात्र दफ्तरांत आहे. १० फेब्रुवारी २००४ रोजीं किशहून शारजाला येणारें फॉकर ५० जातीचें विमान धांवपट्टीपासून थोड्याच अंतरावर कोसळलें. विमानांत ४६ माणसें होतीं. त्यांतील ४३ मरण पावलीं, तिघें वांचलीं. उतरण्याच्या वेळीं पंखे जमिनीवरच वापरावयाच्या स्थितींत गेल्यामुळें विमान हातचें सुटलें, असें चौकशींत निघालें. प्रवाशांत व्हिसासाठींच किशला जाऊन परत येणारे परदेशी कामगार पुष्कळ होते, आणि त्यांत भारतीयहि होते. नवा कागद खिशांत, उद्यांपासून रीतसर नोकरी, इतका पल्ला गांठल्यावर घाला पडला. अपघात कोठेंहि होतो, हें खरें. पण हा प्रवास त्या लोकांनीं हौसेनें केलेला नव्हता. केवळ एका शिक्क्यासाठीं त्यांना त्या विमानांत बसावें लागलें होतें.

पुढें संयुक्त अरब अमिरातींतील नियम अनेकदां बदलले. २००८ सालीं व्हिजिट व्हिसाची सर्व व्यवस्था नव्यानें लावण्यांत आली. २०२२ सालीं नोकरी शोधण्यासाठीं येणाऱ्यांकरितां निराळा व्हिसा काढण्यांत आला, परंतु तो पदवीधरांना आणि वरच्या कसबाच्या लोकांना. थायलंडनेंहि २०२४ च्या जुलैंत दूरदेशचें काम करणाऱ्यांसाठीं पांच वर्षांचा व्हिसा सुरू केला. त्यासाठीं पांच लाख बाट शिल्लक दाखवावी लागते. सुशिक्षितांना आणि सधनांना सरळ दार मिळालें, ही गोष्ट चांगलीच झाली. गवंड्याला, सुताराला आणि स्वयंपाक्याला तें अजून मिळावयाचें आहे.

हा प्रश्न केवळ बाहेर जाणाऱ्यांचा नाहीं. घरीं येणाऱ्यांचाहि आहे. गोव्यांत हणजूण, हरमल, मोरजी या किनाऱ्यांवर वर्षानुवर्षें राहणाऱ्या गोऱ्या लोकांचीहि हीच रीत होती. मुदत भरत आली म्हणजे नेपाळला किंवा सिंहलद्वीपाला जाऊन यावयाचें, आणि पुन्हां त्याच माडांखालीं बिऱ्हाड. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याच्या तपासांत, त्या कटांतील एक परदेशी हेर वारंवार येऊन टेहळणी करून गेल्याचें २००९ सालीं उघडकीस आलें. त्यानंतर भारत सरकारनें नियम केला कीं, प्रवासी व्हिसावर येऊन गेलेल्यानें दोन महिने लोटल्याखेरीज परत येऊं नये. त्यानें गोव्यांतील या सीमोल्लंघनाला एकदम खीळ बसली. परंतु भारतांतून नेपाळ पाहून परत येऊं इच्छिणारे खरे प्रवासीहि अडचणींत आले. शेवटीं २०१२ च्या डिसेंबरांत कांहीं मोजक्या देशांच्या नागरिकांखेरीज इतरांपुरता तो नियम उठविण्यांत आला. थोड्या लबाडांसाठीं घातलेलें कुंपण पुष्कळ सज्जनांना टोंचतें, आणि कुंपण काढलें तर लबाडांचें फावतें, हा राज्यकारभारांतील जुनाच पेच आहे.

तेव्हां अशा सीमोल्लंघनाला अपराध म्हणावें काय? पुष्कळ ठिकाणीं कायद्याचें अक्षर त्यानें मोडत नाहीं. मोडतो तो कायद्याचा अर्थ. पाहुणा म्हणून बोलावलेला मनुष्य दर महिन्याला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकून आंत येतो आणि म्हणतो, 'मी आजच आलों.' यजमान एकदां हंसतो, दोनदां हंसतो. तिसऱ्यांदां तो दारांत उभा राहिला तर त्याला दोष देतां येत नाहीं. शिक्का मारावा कीं न मारावा, हें नाक्यावरील अधिकाऱ्याच्या मर्जीवर असतें. नऊ वेळां मिळाला म्हणून दहाव्या वेळीं त्यावर हक्क उत्पन्न होत नाहीं. या गोष्टीचा विसर पडतो, आणि त्या विसरावर लोक घर मांडतात, मुलें शाळेंत घालतात, कर्ज काढतात. खरा धोका दंडाचा नाहीं. तात्पुरत्याला कायम समजण्याचा आहे.

म्हणून परदेशीं जाणाऱ्यानें दोन-तीन गोष्टी पक्क्या ध्यानांत ठेवाव्या. व्हिसावरील हेतू कोणता, तो स्वतः वाचावा. येत नसेल तर गांवांतील जाणत्याकडून वाचून घ्यावा. पाहुण्याच्या व्हिसावर नोकरी नाहीं. आधीं जा, कागद मागून येईल, असें सांगणाऱ्या दलालाला पैसे देऊं नयेत. सरकारदरबारीं नोंदलेला दलाल कोण, हें आतां घरबसल्या पाहतां येतें. सरहद्दीवर पडलेल्या शिक्क्यावरील तारीख तेथेंच वाचावी, आणि ती घरच्यांनाहि कळवावी. आणि सरकारांनींहि ओळखावें कीं, ज्या देशाला परक्या मजुराचे हात हवे आहेत, त्यानें ते हात समोरच्या दारानें आंत घ्यावे. जेथें सरळ मार्ग नसतो तेथें आडवाट पडते, आणि आडवाटेवर लुटला जातो तो गरीबच.

दसऱ्याच्या सीमोल्लंघनांत सोन्याहून मोठा भाग परतण्याचा असतो. निरांजन लावून दारांत कोणी उभें असतें, म्हणून शिवेबाहेर गेल्याचें सार्थक होतें. शिक्क्यासाठीं शीव ओलांडणारा ज्या खोलींत परततो तेथें ओवाळणारें बहुधा कोणी नसतें. असतें तें शेंकडों कोसांवर, दिवस मोजीत बसलेलें. त्याचें परतणें रीतसर व्हावें, मान वर करून व्हावें, आणि त्याच्या आईच्या हातांत पाटल्या परत याव्या, एवढें ज्या व्यवस्थेनें साधेल ती व्यवस्था बरी म्हणावयाची.